औंसराव

औंसरावांपुढे चुकूनही ‘तीस मिली’ म्हणू नये. ‘29.57,’ ते तिथल्या तिथे दुरुस्त करतात. समोरचा हसलाच तर दशांशचिन्हापुढची आणखी दोन घरं ऐकवतात.

अशी माणसं सगळ्यांच्या ओळखीत असतात. सहलीला निघालं की गाडीचं अॅव्हरेज काढणारी, लग्नात ताटांचा हिशेब मांडणारी. औंसराव मूळचे सांगलीचे, पण डेन्व्हरच्या एका उपनगरात सॉफ्टवेअरवर पोट भरता भरता त्यांचे केस पांढरे झाले. त्यांचं खरं नाव आता बायकोखेरीज कुणी घेत नाही. कोलोरॅडोचे डोंगर बघायला म्हणून पाहुणे त्यांच्याकडे उतरतात. त्यातला जो शरद ऋतूत येतो तो सापडतो, कारण त्या दिवसांत डेन्व्हरला ग्रेट अमेरिकन बिअर फेस्टिव्हल भरतो आणि औंसरावांना सोबत लागते. सोबत म्हणजे श्रोता.

चार्ली पपेझियन यांनी 1982 साली बोल्डर गावात हा महोत्सव सुरू केला, तेव्हा जेमतेम आठशे माणसं आली होती. पुढे तो डेन्व्हरच्या अजस्र कन्व्हेन्शन सेंटरमध्ये भरू लागला. पद्धत साधी आहे. एकदा तिकीट काढायचं, हातात एक चिमुकला ग्लास मिळतो, आणि सत्र संपेपर्यंत वाटेल त्या ब्रुअरीची वाटेल ती बिअर, वाटेल तितक्या वेळा. मात्र एका वेळी एकच औंस.

पुण्याहून आलेल्या एका मित्राला हे दारातच कळलं. बिअर म्हणजे 650 मिलीची बाटली आणि 30 मिली म्हणजे व्हिस्कीचा ‘स्मॉल’, यावर त्याची आयुष्यभराची श्रद्धा. ग्लासाच्या तळाशी ओतलेले ते दोन घोट त्याने दिव्यासमोर धरले. ‘म्हणजे सातासमुद्रापार येऊन बिअरचा स्मॉल प्यायचा? तीस मिली?’

‘29.57,’ औंसराव म्हणाले.

मग हिशेब सुरू झाला. 2015 साली इथे साडेतीन हजारांहून जास्त बिअर होत्या. प्रत्येकीचा एकेक औंस घ्यायचा म्हटलं तरी 103 लिटर होतात, आणि सत्र असतं चारेक तासांचं. तेव्हा औंस लहान नाही, पोट लहान आहे. आजूबाजूला लोक खारी प्रेट्झेल दोऱ्यात ओवून त्यांच्या माळा गळ्यात घालून हिंडत होते. दोन नमुन्यांच्या मधे माळेतलं एक तोडून खायचं, म्हणजे जीभ ताळ्यावर येते. तेवढ्यात कुणाच्या तरी हातून ग्लास पडला आणि रिवाजाप्रमाणे अख्ख्या सभागृहाने एकच गिल्ला केला. ‘गेले 29.57,’ औंसराव हळहळले.

मित्राला वाटलं, गृहस्थ औंसाच्या बाजूचे आहेत. म्हणून समजूत काढायला तो म्हणाला, ‘बरोबर आहे, चव घ्यायला एवढं पुरे.’ इथे तो कायमचा फसला. ‘पुरे? कुणाला पुरे?’ औंसराव वळले आणि उलट दिशेने सुटले.

त्यांचं म्हणणं असं, की पहिला घोट थापाड्या असतो. ओक लाकडाच्या पिंपात मुरवलेली, बारा टक्के अल्कोहोलची काळीकुट्ट स्टाउट एका घोटात दिपवून टाकते. पण तिचा ग्लास संपवताना माणसाला घाम फुटतो. पाच टक्क्यांच्या पिल्सनरचं याच्या उलट. पहिल्या घोटाला ती काहीच बोलत नाही, तिसऱ्याला हॉप्सचा कडवटपणा साचू लागतो, अर्ध्या ग्लासानंतर ती कळते. शिवाय तळाशी दोन घोट ओतले तर फेस धरत नाही आणि वासही पुरता उठत नाही. म्हणजे एका औंसाच्या राज्यात आरडाओरडा करणारीच जिंकणार. महोत्सवाच्या स्पर्धेत परीक्षक निदान नाव झाकून, पिल्सनरशेजारी पिल्सनर ठेवून चाखतात. रांगेतल्या माणसाला ती सोय नाही.

मग चार औंस द्यावेत का? तेही नाही. निम्मी बिअर बादलीत जाईल आणि निम्मी माणसं बाकावर आडवी होतील. थोडक्यात, औंसरावांचं कुठल्याच मापाशी पटत नाही. ऑरेगॉनच्या बिअर महोत्सवात एकेकाळी असलेली टोकनची पद्धत, एका टोकनला चाखण्यापुरती आणि चार टोकनांना भरलेला मग, त्यांना थोडीफार मान्य आहे. लंडनमध्ये मात्र ते खरे रमले. तिथे मापाला कायदाच आहे. नळाची बिअर विकायची तर तृतीयांश पिंट, अर्धा, किंवा अर्ध्याच्या पटीत; दोन तृतीयांशाला परवानगी मिळाली ती थेट 2011 साली. ‘कॅम्रा’ या ग्राहक चळवळीच्या महोत्सवातला ग्लास तिन्ही रेषांसकट त्यांच्या दिवाणखान्यात आहे, गणपतीच्या मूर्तीशेजारी. म्युनिकला तर ऑक्टोबरफेस्टमध्ये लिटरच्या मगात फेसाखाली बिअर कमी भरतात म्हणून लक्ष ठेवणारी एक रीतसर संघटनाच आहे. तिचं सभासद व्हायचा अर्ज घरच्यांनी अजून भरू दिलेला नाही.

एका वर्षी त्यांनी डेन्व्हरच्या महोत्सवात स्वयंसेवक म्हणून बिअर ओतायचं काम घेतलं. बाकीचे स्वयंसेवक जग तिरका करून धार सोडत. रेषेच्या वर गेलं तर गेलं. औंसराव प्रत्येक ग्लास टेबलावर ठेवायला लावत, गुडघ्यात वाकून रेष डोळ्यांच्या पातळीत आणत, फेस बसेपर्यंत थांबत आणि मग उरलेले चार थेंब सोडत. खिशात पडताळणीसाठी खोकल्याच्या औषधाचं मापाचं टोपण होतंच. अर्ध्या तासात त्यांची रांग शेजारच्या तीन टेबलांवर पांगली. पुढच्या वर्षी त्यांना दारावर ओळखपत्रं तपासायचं काम मिळालं. तिथेही ते जन्मतारखेवरून वय महिन्यांसकट सांगत.

हे सगळं खरं असलं तरी एक गोष्ट नाइलाजाने कबूल करावी लागते. सभागृहात जिथे रांग नसते, त्या टेबलापाशी हमखास एकच गिऱ्हाईक दिसतं. ते औंसराव. कुठल्याशा लहान गावातली ब्रुअरी, साधी सोनेरी लागर, आणि मागे हात बांधून उभा असलेला तिचा मालक. समोरच्या टेबलावर स्टाउटसाठी वळणं घेत गेलेली रांग. औंसराव एक औंस घेतात, पितात, पुन्हा ग्लास पुढे करतात. मग तिसऱ्यांदा. त्यांच्या मते कुठल्याही बिअरला एवढी सुनावणी मिळालीच पाहिजे. तिसऱ्या औंसानंतर ते मत देतात, आणि ते गोड असेलच असं नाही. ‘किंचित लोण्याचा वास येतोय, आणखी थोडी मुरवायला हवी होती,’ हे त्यांनी एकाला तोंडावर सांगितलं. तो रागावेल असं वाटलं होतं. पण दिवसभरात त्याच्या बिअरबद्दल कुणी पहिलंच वाक्य बोललं होतं. तो टेबलाला वळसा घालून बाहेर आला आणि पाणी, माल्ट, टाकीचं तापमान अशी गाडी सुरू झाली. सुटीचा दिवस असूनही दोघं कामावर असल्यासारखे भांडत होते, आणि दोघांच्याही चेहऱ्यावर समाधान दिसत होतं.

पुण्याचा मित्र तोवर स्टाउटच्या रांगेत होता. पाऊण तासाने त्याचा नंबर लागला. त्याने आधी ग्लासाचा फोटो काढला, मग ग्लासासकट स्वतःचा, तो घरी पाठवला आणि एका दमात ग्लास रिकामा केला.

‘कशी होती?’ औंसरावांनी विचारलं.

‘भारी!’

‘आणि दुसरा घोट?’

मित्राने ग्लासात डोकावून पाहिलं आणि पुन्हा रांगेच्या शेवटाकडे चालू लागला.