मधेच उठलेली पंगत

भाचा लातूरचा, शिकायला नांदेडला, विष्णुपुरीत. सुट्टीला आला की पिशवीत मळके कपडे आणि लॅपटॉपात एखादं अडलेलं काम, दोन्ही ठरलेलं. या खेपेला पायथॉनचं जावास्क्रिप्ट करून देणारा एक कंपायलर अडला होता. "मामा, बघा की. जनरेटर एकच, फंक्शनं दोन. एकात नीट चालतोय, दुसऱ्यात मधेच मान टाकतोय."

जनरेटर म्हणजे पंगतीतला शहाणा वाढपी. मागाल तेव्हा एकच पोळी वाढणार, आणि पुढची मागेपर्यंत तिथंच थांबणार. पायथॉनात तो २००१ साली आला, जावास्क्रिप्टनं २०१५ मध्ये घेतला. मधल्या काळात चालीरीती बदलल्या. पायथॉनात 'ब्रेक' करून उठलात तरी वाढपी थांबतो. पुन्हा बसा, पुढची पोळी मिळते. जावास्क्रिप्टच्या 'फॉर-ऑफ'मधून उठलात की भाषाच परस्पर 'रिटर्न' बोलावते आणि पंगत मोडते.

हे कळायला वेळ लागला, कारण भाच्यानं तपासणी म्हणून जनरेटरची लिस्ट करून छापली होती. छापलं सगळं बरोबर. मग खऱ्या लूपला काहीच उरलं नाही. तपासनिसानंच सगळ्या पोळ्या संपवल्या!

शेवटी कंपायलरनं तयार केलेलं जावास्क्रिप्टच उघडून वाचलं. साध्या लूपचं त्यानं फॉर-ऑफ केलं होतं. पण लूपला 'एल्स' जोडलेला असला की तो स्वतःचं 'व्हाइल' लिहून एकेक 'नेक्स्ट' मागत होता, आणि तिथं रिटर्न बोलावणारं कुणीच नव्हतं. दुसऱ्या फंक्शनात एल्स नव्हता, एवढाच काय तो फरक. अशा बारीक जागी बग लपला की मला त्याचं कौतुकच वाटतं.

भाच्यानं जनरेटरवर वेष्टण चढवलं: फक्त नेक्स्ट दिसेल, रिटर्न दिसणारच नाही. ती मेथडच नसली तर फॉर-ऑफ गुपचूप निघून जातो. दोन्ही फंक्शनं सुरळीत झाली.

मी म्हटलं, "अरे, पण आता अर्ध्यात सोडलेल्या जनरेटरचं 'फायनली' कधीच चालायचं नाही. पायथॉनात निदान कुणी धरून ठेवला नाही की तो आवरून घेतो. इथं उघडलेली फाइल कोण मिटणार?"

"आपण फाइल उघडतच नाही की, मामा," म्हणाला, आणि नांदेडच्या एसटीची वेळ बघायला लागला.