मागच्या खोलीतला स्वयंपाक

आखाडा बाळापुरात पास्ता आला तो लग्नाच्या मांडवातून. आधी नांदेडच्या मंगल कार्यालयांत त्याची स्थापना झाली, मग तो वारंगा फाट्यावरून हायवेने आमच्याकडे वळला. आता वरण, पोळी, बुंदी आणि वांग्याच्या भाजीच्या रांगेच्या टोकाला एक पोरगा उंच पांढरी टोपी घालून उभा असतो. समोर गॅसची शेगडी, हातात कढई आणि तोंडात एकच प्रश्न, "रेड का व्हाइट?" धोतरवाली मंडळी जरा विचार करून "पांढरंच दे बाप्पा, रात्रीचं तिखट सोसत नाही" म्हणतात आणि वरणाच्या शेजारी त्याला जागा करून देतात. अशाच एका लग्नात नवरदेवाच्या आजीने त्यातली एक नळी चिमटीत धरून उजेडाकडे नेली, नीट न्याहाळली आणि निकाल दिला, "हे तर वळवट हाय. दुधात शिजवायचं सोडून ह्याच्यात काय कालवलंय मेल्यांनी?"

हा निकाल वरच्या कोर्टातही टिकला असता. उन्हाळा लागला की आमच्याकडच्या बाया वळवट करायला बसतात. रवा भिजवायचा, तिंबायचा, मग पाटावर शेवया ओढायच्या. बोटांवर बोटवे, नखाने नखुल्या, बारीक दाण्याएवढे गव्हले, शिवाय मालत्या. आणि नव्या कोऱ्या फणीवर दाबून केलेल्या फणुल्या, अंगावर रेघा असलेल्या. इटलीत एमिलिया-रोमान्या म्हणून प्रांत आहे, तिथे गार्गानेल्ली नावाचा पास्ता असाच रेघांच्या पट्टीवर वळतात, आणि ती पट्टी मुळात हातमागाची फणी. बारी शहराच्या जुन्या वस्तीत बाया दारात बसून अंगठ्याने ओरेक्किएत्ते वळतात आणि वळता वळता गल्लीची खबर ठेवतात. आमच्या बाळापूरच्या बाईला तिथे नेऊन बसवलं तर तिला भाषा येणार नाही, पण दुपारपर्यंत तिच्या पुढ्यातली परात भरलेली असेल आणि कोणाच्या सुनेचं काय चाललंय तेही कळलेलं असेल.

मग त्यांचं वळवट लंडन-न्यूयॉर्क फिरून आमच्या मांडवात टोपी घालून उभं राहिलं आणि आमचं मात्र रुखवताच्या ताटात जिलेटिन कागदाखाली का पडून राहिलं? मी या प्रश्नावर बराच विचार केला आहे. बाळापुरात दुपारी बाराच्या पुढे विचार करण्यासारखं निवांत वातावरण असतं.

एक उत्तर असं की पदार्थ आपण होऊन कुठे जात नाही. कुणाला तरी आधी उपाशीपोटी गाव सोडावं लागतं. एकोणिसाव्या शतकात इटलीतून माणसं अशीच बाहेर पडली आणि त्यांतली काही ब्रिटनला लागली. गंमत अशी की त्यांनी तिथे पास्ता विकलाच नाही. त्यांनी विकलं आइस्क्रीम. १८५०च्या सुमाराला कार्लो गत्ती या स्वित्झर्लंडच्या इटालियन बोलणाऱ्या भागातून आलेल्या माणसाने लंडनच्या साध्या माणसाला परवडेल असं आइस्क्रीम विकायला सुरुवात केली, आणि मागून इटलीचे गाडेवाले गल्लोगल्ली ओरडत फिरू लागले. बार्डी नावाच्या डोंगरातल्या गावाचे लोक वेल्समध्ये कोळशाच्या खाणींच्या खोऱ्यांत गेले आणि त्यांनी खाणकामगारांसाठी चहा-कॉफीची दुकानं काढली. स्कॉटलंडात गेलेल्यांनी फिश अँड चिप्स तळले. म्हणजे ज्याला आपण अस्सल विलायती खाणं समजतो ते तिथल्या लोकांना कित्येक वर्षं इटलीच्या माणसाने तळून घातलं. दिवसभर गिऱ्हाइकाला मासे आणि बटाटे. आणि रात्री शटर ओढल्यावर मागच्या खोलीत स्वतःसाठी पास्ता.

हे मला फार शहाणपणाचं वाटतं. परक्या गावात पाय ठेवल्या ठेवल्या आपलं अन्न लोकांपुढे करू नये. आधी गोड द्यावं, थंड द्यावं, तळलेलं द्यावं. या तिन्हींवर कुणी संशय घेत नाही.

लंडनच्या सोहो भागात १९२६ साली पेप्पिनो लिओनी या इटालियन माणसाने 'क्वो वादीस' नावाचं हॉटेल काढलं. ते आज ज्या इमारतीत आहे तिच्या वरच्या खोल्यांत पूर्वी कार्ल मार्क्स बायको-मुलांसह भाड्याने राहायचा आणि आसपासच्या दुकानदारांची उधारी थकवायचा. 'आज रोख, उद्या उधार' ही पाटी आमच्या चहाच्या हॉटेलात वाचताना मला हटकून मार्क्स आठवतो. पण लिओनीच्या नशिबी उधारीपेक्षा वाईट वेळ होती. १० जून १९४० ला मुसोलिनीने युद्ध पुकारलं आणि त्या रात्री इंग्लंडभर इटालियनांच्या दुकानांच्या काचा फुटल्या. काल ज्याच्याकडे पोरांना आइस्क्रीम घेऊन दिलं तो आज शत्रू झाला. लिओनीलाही पकडून छावणीत ठेवलं. अशाच धरलेल्या माणसांना कॅनडाला घेऊन निघालेली 'अरांडोरा स्टार' ही बोट २ जुलैला जर्मन पाणबुडीने बुडवली. तिच्यावरचे चारशेहून जास्त इटालियन मेले. त्यांत किती तरी चहावाले, आइस्क्रीमवाले, वेटर होते. सुटून आल्यावर लिओनीने तेच हॉटेल पुन्हा उभं केलं. त्याची चिकाटी पाहून मला जरा लाज वाटते; आमच्याकडे शेजाऱ्याशी बांधावरून वाजलं तर माणूस तीन पिढ्या त्याच्याकडचा चहा घेत नाही.

युद्ध संपून बारा वर्षं झाली तरी पास्ता म्हणजे काय हे इंग्रजाला नीट ठाऊक नव्हतं. १ एप्रिल १९५७ ला बीबीसीने 'पॅनोरमा' या गंभीर कार्यक्रमात स्वित्झर्लंडच्या बाया झाडावरून स्पॅगेटीचं पीक तोडताना दाखवल्या. रिचर्ड डिंबलबीचा भारदस्त आवाज होता, त्यामुळे लोकांना खरंच वाटलं. झाड कसं लावायचं म्हणून फोन आले. टोमॅटो सॉसच्या डब्यात एक काडी खोचा आणि आशा सोडू नका, अशा अर्थाचं उत्तर मिळालं म्हणतात. आमच्याकडे हा कार्यक्रम दाखवला असता तर कुणी फसलं नसतं. एकरी उतारा किती आणि पीक विम्यात बसतं का, एवढंच विचारलं असतं.

त्याच काळात एलिझाबेथ डेव्हिड या लेखिकेने इटलीच्या स्वयंपाकावर पुस्तक लिहिलं. त्या वेळी इंग्लंडात ऑलिव्ह तेल औषधाच्या दुकानात मिळायचं, कानात घालायला. मग १९५९ साली मारिओ कासान्द्रो आणि फ्रांको लागात्तोल्ला या दोन वेटरांनी सोहोतच 'ला त्रात्तोरिया तेरात्सा' काढलं. पांढऱ्या भिंती, फरशीची जमीन, मोकळं बोलणं आणि पानात आपल्या घरचं जेवण. सिनेमाचे नट-नट्या तिथे टेबलासाठी थांबू लागले. मागच्या खोलीतला स्वयंपाक पुढच्या खोलीत यायला गत्तीच्या आइस्क्रीमपासून मोजली तर शंभरावर वर्षं लागली. तो पुढे आला मात्र, आणि लगेच तिथल्यांनी तो उचलला. १९६५ साली लंडनमध्ये 'पिझ्झा एक्स्प्रेस' काढणारा पीटर बॉयझो चक्क इंग्रज होता.

आता बाळापूरकडे येतो. आमच्या हायवेच्या कडेला एक राजस्थानी मिठाईचं दुकान आहे. शेठ तरुणपणी मारवाडातून आले, आता मराठी आमच्यापेक्षा जास्त हिंगोलीकडची बोलतात. पाटीवर जिलेबी, समोसा, पोहे, कलाकंद. दुपारी मात्र पडद्याआडून तुपाचा आणि कसलासा आंबट-तिखट वास येतो. एकदा मी डोकावलो तर शेठ बाजरीच्या रोटीबरोबर केर-सांगरी, म्हणजे वाळक्या शेंगा-फळांची भाजी, खात बसले होते. मी म्हटलं, "शेठ, हे पाटीवर का नाही?" ते म्हणाले, "भाऊ, एकदा ठेवलं होतं ना. लोक म्हणले, शेठ, काटक्या शिजवल्या का?"

शेजारच्या चायनिजच्या गाड्यावर वेगळीच तऱ्हा. तिथे मंचुरियन मिळतं आणि ते चीनचं आहे असा गाडेवाल्याचा ठाम दावा आहे. खरं तर १९७५ साली मुंबईत क्रिकेट क्लबच्या स्वयंपाकघरात नेल्सन वांग यांनी ते पहिल्यांदा केलं. ते कलकत्त्यात जन्मलेले चिनी वंशाचे. आलं, लसूण, हिरवी मिरची आपलीच. त्यात गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घातला आणि कॉर्नफ्लोअर. त्यांनी कोंबडीचं केलं होतं, बाळापुरात येईपर्यंत त्याचं कोबीचं झालं. वांग यांनी आपलं अन्न लपवलं नाही आणि दाखवलंही नाही. तिसरंच काढून दिलं. हाही एक मार्ग.

पण या सगळ्यांहून वेगळी एक बाई आपल्या शेजारच्या मुलखातून लंडनला गेली. पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्हा लागतो, तिथल्या त्या. राधाबाई वनारसे, लंडनच्या आजीबाई. अक्षरओळख नाही, इंग्रजीचं तर नावच नको. पहिला नवरा गेला, पदरी मुली, दुसऱ्यांच्या घरी स्वयंपाक करून दिवस काढले. मग लंडनमध्ये राहणाऱ्या वनारसेंशी दुसरं लग्न झालं आणि बाई साता समुद्रापार पोचल्या. तोही नवरा गेला आणि परमुलखात हात पुन्हा रिकामे झाले. अशा वेळी त्यांनी एकच येत होतं ते केलं. चूल पेटवली. गोल्डर्स ग्रीन भागातल्या हूप लेनवर त्यांची खाणावळ नावारूपाला आली. सरोजिनी वैद्यांनी 'कहाणी लंडनच्या आजीबाईंची' या पुस्तकात हे सगळं लिहिलं आहे. ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी माझा लेख इथेच ठेवून ते आणावं, मी रागावणार नाही.

आजीबाईंनी आइस्क्रीमचा मार्ग धरला नाही. पहिल्या दिवसापासून आपलंच अन्न, आणि तेही कुठल्या काळात? ब्रिटनमध्ये रेशन १९४० ला सुरू झालं ते युद्ध संपलं तरी संपलं नाही. मांस खुलं व्हायला जुलै १९५४ उजाडला. साखर, लोणी, चहा, सगळं मोजून. साहेब मटणाच्या कूपनासाठी रांगेत आणि आजीबाईंच्या घरी पानं मांडलेली. त्यांना साहेबाला जिंकायचंच नव्हतं, हे मला त्यांच्या गोष्टीतलं सगळ्यात आवडतं. मारिओ आणि फ्रांकोला इंग्रज गिऱ्हाईक लागत होतं. आजीबाईंचं गिऱ्हाईक म्हणजे बॅरिस्टर व्हायला आलेला, उकडलेल्या बटाट्याने रडवेला झालेला आपला पोरगा. त्याला पोळी वाढायची, पैसे असले तर घ्यायचे. अशा पोराला काही पटवून द्यावं लागत नाही. तो आधीच पटलेला असतो.

म्हणूनच मराठी जेवण लंडनमध्ये इतकी वर्षं राहूनही इंग्रजाच्या ताटात गेलं नसावं. आपण आपल्यासाठीच रांधत बसलो. ते बाहेर काढलं पुढे वडापावने. सुजय सोहनी आणि सुबोध जोशी हे दोघे कॉलेजचे मित्र; मंदीत एकाची नोकरी गेली आणि २०१० साली त्यांनी हाउन्स्लोत एका आइस्क्रीमच्या दुकानात थोडी जागा भाड्याने घेऊन वडापाव विकायला सुरुवात केली. आइस्क्रीमच्याच दुकानात! गत्तीच्या आत्म्याला बरं वाटलं असेल. तिथूनच 'श्रीकृष्ण वडापाव' मोठं झालं.

बाळापूरकरांनी मात्र यात मागे पडल्यासारखं मानू नये. आमच्या हिंगोली जिल्ह्यात फेब्रुवारी-मार्चला रस्त्याच्या कडेने हळद शिजवायचे कुकर धूर ओकत असतात आणि वाळवलेली हळद ढोलात पॉलिश होत असते. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. काही वर्षांपूर्वी लंडनच्या कॉफीच्या दुकानांत हळदीचं दूध मोठ्या थाटात विकायला लागले. ज्या मशीनवर दूध फेसाळायचं ती मशीन इटलीची. तसली मशीन बसवलेला 'मोका बार' १९५३ साली सोहोत उघडला तेव्हा फीत कापायला इटलीची नटी जिना लोलोब्रिजिडा आली होती. म्हणजे इटलीच्या वाफेवर आपली हळद उकळून साहेब पितो. पडसं झाल्यावर नाही, धडधाकट असताना, आणि पैसे देऊन. हे मी मांडवातल्या त्या आजीला सांगितलं तर ती म्हणाली, "त्याच्या घरी कुणी करून देणारं नसंल बिचाऱ्याला."

मध्यंतरी शेठनी धीर करून रविवारी दाल-बाटी सुरू केली. पाटी रंगवून घेतली, पगडीवाल्या माणसाचं चित्रही काढलं. पहिल्या रविवारी कळमनुरीकडचा एक शेतकरी आला, त्याने बाटी फोडली, चाखली आणि म्हणाला, "शेठ, हे तर रोडगे हायेत. आमचंच आम्हाला ताट शंभर रुपयानं?" दुसऱ्या रविवारी चौघे आले आणि तेच बोलून गेले. तिसऱ्या आठवड्यात शेठनी पेंटरला परत बोलावलं. आता पाटीवर 'राजस्थानी रोडगे' असं आहे, पगडी तशीच. गर्दी चांगली असते. फक्त लोक बसल्याबरोबर वांग्याची भाजी मागतात, कारण रोडग्यांबरोबर दुसरं काही चालत नाही, आणि शेठ सध्या ती शिकत आहेत. परवा विचारत होते, "भाऊ, त्याच्यात कारळं घालतेत का जवस?"