जबाबदारी पोच, पैसे मागाहून

आपल्या सरकारांना कंजूष म्हणणाऱ्यांची जीभ झडो. जबाबदारी वाटायची म्हटली की त्यांचा हात केवढा सैल सुटतो!

७३वी घटनादुरुस्ती १९९२ सालची. अकराव्या अनुसूचीतल्या २९ विषयांत तेविसावा आरोग्याचा: इस्पितळं, प्राथमिक आरोग्य केंद्रं, दवाखाने, स्वच्छता. हे सगळं पंचायतींकडे सोपवायची राज्यांना मुभा मिळाली. महाराष्ट्र तर त्याच्याही पुढे. १ मे १९६२ ला इथे जिल्हा परिषदा आल्या आणि आरोग्य केंद्रं त्यांच्या पदरात पडली.

आता त्या केंद्राचा धनी कोण ते पाहा. डॉक्टर नेमणार राज्य सरकार, त्यांची बदलीही तेच करणार. बहुतेक औषधं घेणार मुंबईतलं वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण. हे प्राधिकरण येण्याआधी काही वर्षं खरेदीचं काम हाफकिन महामंडळाकडे होतं. औषधांची वाट पाहण्याचं काम मात्र तेव्हाही पूर्णपणे विकेंद्रित होतं. १०८ची गाडी राज्याच्या ठेक्यातली. २०२३ मध्ये ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ हे नाव दिल्लीहून आलं, सोबत पाटीचा रंगही. जिल्हा परिषदेच्या वाट्याला उरलं गळकं छप्पर आणि नातेवाइकांचा आरडाओरडा.

साप चावलेला माणूस आधी जिल्हा परिषदेच्या अखत्यारीत कळवळतो. ‘पुढे न्या’ म्हटलं की तो ग्रामीण रुग्णालयात, म्हणजे राज्य सरकारात, दाखल होतो. इकडे जिल्हा आरोग्य अधिकारी, तिकडे जिल्हा शल्यचिकित्सक. साप कुणाच्या आस्थापनेवरचा, हे अजून ठरायचंय.

सगळ्यात खालच्या पायरीवर गावाची समिती. नाव घेतानाच दम लागतो: ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती. अध्यक्ष सरपंच. निधी वर्षाला १०,००० रुपयांपर्यंत. दीड हजार वस्तीच्या गावात माणशी सात रुपयेही होत नाहीत. एवढ्यात कटिंगसुद्धा येत नाही. बैठकीत आशाताई म्हणतात, बाळांचा वजनकाटा बिघडलाय. सिस्टर म्हणतात, बीपीच्या मशीनचे सेल संपलेत. एक सदस्य धूरफवारणीवर अडून बसलेला, कारण गटार त्याच्याच दारातून जातं. सरपंच पासबुक उघडतात. शिल्लक शून्य.

तालुक्याला फोन लागतो. ‘‘साहेब, पैसे गेले कुठं?’’

‘‘गेले नाहीत हो सरपंच, आलेच नाहीत. आता खात्यात पैसे नसतात. लिमिट असतं.’’

२०२१ पासूनची ही रीत. पैसा वरच्या एकाच खात्यात, खाली सगळी शून्य शिल्लकीची खाती. लिमिट बहुधा मार्चअखेर उगवतं आणि ३१ तारखेला मावळतं. मधल्या दिवसांत कोटेशनं, ठराव, बिलं जमली नाहीत, तर शेरा तयार असतो: ‘स्थानिक पातळीवर उदासीनता.’

मोठा पैसा आलाच नाही असं मात्र म्हणू नये. १५व्या वित्त आयोगाने २०२१ ते २६ या काळासाठी, स्थानिक संस्थांच्या हातून आरोग्यावर खर्चायला, देशभरासाठी ७०,०५१ कोटी रुपये सुचवले. मुहूर्त काय साधला! मार्च २०२२ मध्ये राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली, निवडणुका रखडल्या आणि पुढची काही वर्षं प्रशासकांनी गाडा हाकला. स्थानिक स्वराज्यातलं ‘स्थानिक’ तेवढं जागेवर होतं.

केरळातली माणसं याबाबतीत अगदीच भोळी. १९९६ मध्ये त्यांनी लोकयोजना काढली आणि राज्याच्या नियोजन निधीतला ३५ ते ४० टक्के हिस्सा स्थानिक संस्थांना देऊन टाकला. आरोग्य केंद्रंही पंचायतींकडे. आधी पैसे, मग काम! प्रशासकीय शिस्त म्हणून काही आहे की नाही? आपल्याकडून तिकडे अभ्यासदौरे जातात. येताना केळ्याचे वेफर्स येतात, चांगले कुरकुरीत असतात.

आपलं पुढचं पाऊल उघडच आहे. गावाकडची जबाबदारी आणखी खाली, घरटी. थोरल्या सुनेला ‘कुटुंब आरोग्य नोडल अधिकारी’ असा हुद्दा, मानधन यथावकाश. घरात कुणाला ताप आला की तिने पोर्टलवर फोटो चढवायचा. रेंज नसेल तर टेकडीवर जायचं, जमल्यास पेशंटला घेऊन. थर्मामीटर कुणी पुरवायचा, याबाबत वरिष्ठांचं मार्गदर्शन मागवलंय.