न्हाणीघरातले वतनदार

लोणावळ्याजवळ कुरवंड्यात घर घेतलं म्हटल्यावर पुण्याचे नातेवाईक आधी नागफणीच्या कड्याची चौकशी करतात, मग पावसाची. न्हाणीघरात कोण असतं, हे कोणी विचारत नाही. ते पहिल्याच मुक्कामात कळतं, आणि पाहुण्यांच्या आवाजावरून शेजाऱ्यांनाही कळतं.

तिथे असतो चपटा, तपकिरी कोळी. पाय पसरले की तळहाताएवढा. जाळं विणण्याच्या भानगडीत तो पडत नाही. दिवसा आरशामागे झोपतो, रात्री भिंतीवर फिरून शिकार धरतो. बाईसाहेब असल्या तर अंड्यांची चपटी पिशवी पोटाशी धरून हिंडतात. एकदा आमचे हे झाडू उगारून उभे राहिले, तर कामाच्या मावशी म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या की काका. झुरळं खातंय ते. तुमी खाताय का?"

तेव्हापासून घरात नियम झाला: जो काम करील तो राहील. (यांनी या नियमाला लगेच हरकत घेतली.)

नियमात न बसणारे पुष्कळ. वळवाच्या पहिल्या सरीनंतर पंख फुटलेली वाळवी दिव्यावर झेपावते, आमटीत पंख गाळते आणि जोडीदार शोधायला निघून जाते. त्या संध्याकाळी आम्ही सगळे दिवे मालवून जेवतो. मुंबईच्या पाहुण्यांना यात प्रणय दिसतो. जुलैत वाणी दिवाणखान्यात येतात, हात लावला की वेटोळं करतात. बागेत पालापाचोळा खाऊन ते माती करतात हे मान्य, पण गालिच्यावर त्यांचं काय काम? सुपलीतून बाहेर.

लिंबाच्या झाडावर मात्र आमचा कायदा चालत नाही. 2015 साली ब्लू मॉरमॉन राज्याचं फुलपाखरू झालं, आणि त्याच्या अळ्यांना आमच्या लिंबाची पानं लागतात. लहानपणी ती अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणून कोणी हात लावत नाही. मोठी झाली की हिरवीगार होते, आणि डिवचलं तर डोक्यामागून शिंगं काढून उग्र वास सोडते. आम्ही लिंबं लोणावळ्याच्या बाजारातून आणतो.

खरी लढाई मुंग्यांशी. 1661 साली मुघल सरदार कारतलबखान कुरवंडे घाटाने उतरला आणि शिवाजी महाराजांनी त्याला उंबरखिंडीत कोंडला. त्यावरून स्फूर्ती घेऊन यांनी ओट्याच्या अरुंद कडेला मुंग्यांच्या खडूची रेघ मारली. फौज मिक्सरच्या वायरवरून उतरली. खानाला शरण जायचा सल्ला त्याच्याच फौजेतल्या रायबागनने दिला होता, आमच्याकडे तो मी दिला. आता गुळाचा डबा पाण्याच्या ताटलीत असतो, आणि मागच्या पायरीवर खंडणीचा एक खडा. खान निदान एकदा देऊन सुटला. आमचा गूळ दर आठवड्याला संपतो, आणि सगळा मुंग्याच खातात असं हे म्हणतात.