सदर संगणकास मी व्यक्तिशः ओळखतो

आमच्या साडूंनी डोंबिवलीतल्या वन-बीएचकेत थोरामोठ्यांच्या जुन्या संगणकांचा संग्रह मांडला आहे. आजवर नग तीन. दोन दिवाणाखाली असतात, तिसऱ्यावर मेव्हणी तुळशीची कुंडी ठेवते.

हे खूळ डोक्यात शिरलं ते एका लिलावाच्या बातमीने. २०२४ च्या सप्टेंबरात क्रिस्टीजने मायक्रोसॉफ्टवाल्या पॉल ॲलन यांच्या संग्रहातला एक ॲपल-१ विकला. ॲपल-१ म्हणजे मुळात नुसता बोर्ड; पडदा, कीबोर्ड, खोकं ज्याचं त्याने आणायचं. पण हा स्टीव्ह जॉब्सच्या ऑफिसातला, म्हणून ९ लाख ४५ हजार डॉलर! साडूंनी कल्याण फास्टमध्ये एका पायावर उभं राहून हिशेब केला, जवळपास आठ कोटी आले, आणि ते उतरायचे राहून थेट कल्याणला पोचले.

मग त्यांचा अभ्यास सुरू झाला. 'स्टार ट्रेक'वाल्या जीन रॉडनबेरींना ॲपलने १९८६ मध्ये भेट दिलेला मॅकिंटॉश प्लस २००९ मध्ये लिलावाला आला, त्याच्या अनुक्रमांकाच्या शेवटी ०००१ होतं. त्या ०००१ चं महत्त्व ठाणे जिल्ह्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. आमच्याकडे गाडीपेक्षा तिचा नंबर महाग असतो.

साडूंची अडचण वेगळीच निघाली. तिकडच्या थोरांनी संगणक वापरले; आपल्या थोरांनी ते घेतले. आठवून पाहा, ऑफिसात पहिला संगणक आला तेव्हा साहेबाच्या आधी त्याला एसी मिळाला. दाराबाहेर चपला काढायच्या, आत शिंकायचं नाही. खंडेनवमीला साहेब यायचे, मॉनिटरला हळदकुंकू लावायचे, नारळ फोडून बाहेर पडायचे ते पुढच्या खंडेनवमीपर्यंत. आत बसायचा तो ऑपरेटर.

संग्रहातला नग क्रमांक दोन मी जवळून पाहिला आहे. एका माजी पदाधिकाऱ्यांचा, ठाण्याच्या भंगारवाल्याकडून बाराशेला घेतलेला. कव्हर झालरीचं. सीपीयूवर पुसट स्वस्तिक, फ्लॉपीच्या फटीत वाळलेली झेंडूची पाकळी. कीबोर्डवरचं एकही अक्षर झिजलेलं नाही. माऊसचं डावं बटण मात्र पार गुळगुळीत.

"सॉलिटेअर," साडू आदराने म्हणाले.

जिनिव्हाजवळच्या सर्नमध्ये टिम बर्नर्स-लींच्या नेक्स्ट संगणकावर एक हस्तलिखित चिठ्ठी आहे: हा सर्व्हर आहे, बंद करू नका. पहिली वेबसाइट त्याच यंत्रावर चालत होती. साडूंच्या नगावरही चिठ्ठी आहे. 'साहेबांचा आहे. हात लावू नये.' तिचं पालन साहेबांनीही केलेलं दिसतं.

आत काय होतं, हे मात्र विचारायचं नाही. रॉडनबेरींच्या दोनशेच्या आसपास फ्लॉप्यांतला मजकूर तज्ज्ञांनी खटपटीने बाहेर काढला. लेखक टेरी प्रॅचेट यांची हार्ड डिस्क त्यांच्याच इच्छेनुसार २०१७ मध्ये वाफेच्या रोडरोलरखाली घातली, अर्धवट कादंबऱ्या बाहेर पडू नयेत म्हणून. नग क्रमांक तीनच्या बाबतीत हे काम २६ जुलै २००५ च्या पुराने फुकटात केलं.

मी एकदा सुचवून पाहिलं. म्हटलं, या शतकाच्या सुरुवातीला महापालिकेचा कारभार संगणकावर कसा आणायचा, हे राज्याने कल्याण-डोंबिवलीकडे पाहून गिरवलं. दाखले, कर, पाणीपट्टी, सगळं खिडकीवर. त्या खिडकीमागचा एखादा संगणक मिळवा की!

"छे! त्यावर कारकून बसायचे."

आता संग्रहाला किंमत यायची तर तो संगणक त्याच माणसाचा होता, याचा पुरावा हवा. तिकडे त्यासाठी तज्ज्ञ असतात, आपल्याकडे लेटरहेड असतं. साडूंनी एका माजी नगरसेवकांकडून कोरं लेटरहेड सहीशिक्क्यासकट आणलं आणि मजकूर रहिवासी दाखल्यावरून बेतला: 'सदर संगणकास मी गेली पाच वर्षे व्यक्तिशः ओळखतो. माझ्या माहितीप्रमाणे त्याची वर्तणूक चांगली आहे.' तीन संगणक घरात असून हे टाइप करायला कल्याणच्या कोर्टाबाहेर जावं लागलं, कारण तिन्ही चालू होत नाहीत.

तिथे छत्रीखाली एक काका गोदरेजचा टाइपरायटर घेऊन बसले होते. बटणांवरची अर्धी अक्षरं उडालेली, स्पेसबारला अंगठ्याएवढी खळगी. मजकुराला हसू नये म्हणून काका मान खाली घालून बडवत होते. साडूंची नजर त्या खळगीवर खिळली.

"हा कुणाचा हो?"

"माझाच. चाळीस वर्षं झाली."

"म्हणजे आधी कुणा मोठ्या माणसाचा वगैरे..."

"नाही हो. नवा घेतला होता, हप्त्याने."

साडूंनी दाखल्याचे पन्नास रुपये मोजले आणि मला म्हणाले, "चला."