दाभोळ ते गोवळकोट, बेताबेताने

वाशिष्ठीच्या खाडीतून गोवळकोटास जाण्यासाठी दाभोळच्या धक्क्यावर आम्ही जी होडी ठरविली, तिची पाण्यालगतची लांबी १६ फूट आणि पाठीशी टांगलेल्या यंत्राची शक्ती ८ घोड्यांची होती. परंतु पेट्रोलचा खर्च प्रवाशांनी सोसावयाचा असल्यामुळे, जिल्हा कचेरीतून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेल्या आणि सरकारी टाचणीदेखील खर्ची पडल्यावाचून दप्तराबाहेर जाऊ न दिलेल्या आमच्या एका स्नेह्यांनी, या घोड्यांच्या दाणावैरणीची देखरेख आपणहून शिरावर घेतली.

जितके लवकर पोहोचू तितका वेळ यंत्र कमी चालेल, सबब पेट्रोलही कमी जळेल, असा त्यांचा सिद्धान्त असल्याने यंत्राचा कान पुरता पिळण्याचा जबानी हुकूम त्यांनी तांडेलास दिला. तत्क्षणी नाळ आकाशाकडे उठली, तिच्यालगत बसलेल्या शिरस्तेदारांस अकस्मात प्रांतसाहेबांची उंची प्राप्त झाली, पिछाडीस बसलेल्या आमच्या धोतरांचे सोगे खाडीत भिजले, आणि काठावरचे माड मात्र पूर्वीच्याच सावकाशीने मागे सरकत राहिले.

"साहेब, मशीन वराडतंय नुसतं, होडी काय पळत नाय," तांडेल म्हणाला. आणि पेट्रोलच्या डब्यात बुडवलेली बांबूची कामटी काढून, तिच्यावर कोयतीने पाडलेल्या खाचांपैकी आणखी एक खाच कोरडी पडल्याचे त्याने निमूटपणे दाखविले.

एकोणिसाव्या शतकात विल्यम फ्रूड या इंग्रज पंडिताने टॉर्की येथे हौद बांधून, लहान नमुने त्यात ओढून जे पाहिले, ते याहून फारसे निराळे नव्हते. होडी जी लाट उठविते ती वेगाबरोबर लांबत जाते, आणि लाटेची लांबी होडीइतकी झाली की ती बिचारी स्वतःच खणलेल्या खळग्यात बसून स्वतःच्याच लाटेचा घाट चढू लागते. १६ फुटांस ही मर्यादा ताशी सुमारे १० किलोमीटरची. तिच्या खालीही वेग दुप्पट करावयाचा तर शक्ती साधारणतः आठपट लागते. हलकी होडी आणि बलाढ्य यंत्र यांची युती असेल तर हा घाट ओलांडून पाण्याच्या पाठीवरून सरपटता येते. आमच्या मंडळींची शरीरयष्टी पाहता तो मार्ग बंदच होता.

हे माझ्या तोंडून ऐकताच शिरस्तेदारांनी पहिला हुकूम रद्द करून इतक्या मंदगतीचे फर्मान काढले की यंत्र खोकू लागले, प्लगावर काजळी धरली आणि वाऱ्याने आम्हांस तिवरांत नेऊन घातले. अखेर तांडेलाने कोणासही न विचारता दोघांस मध्यभागी सरकविले, प्लग पुसला, आणि पिछाडीची उंच लाट मोडून पाणी सपाट होईतो कान सैल सोडला. त्या वेगाचा आकडा त्यास ठाऊक नव्हता. मागचे पाणी पाहून तो हात आवरीत असे.

खरी काटकसर मात्र त्याने सुटण्यापूर्वीच करून ठेवली होती. त्या दिवशी पंचमी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, म्हणजे पाण्याचा भर सुमारे पावणेचारास. म्हणून सकाळी सुकती संपेपर्यंत त्याने होडी सोडलीच नाही, आणि त्या खोळंब्याबद्दल शिरस्तेदारांनी त्यास बरेच सुनावले होते. आता तीच भरती आम्हांस फुकट वर लोटीत होती. चिपळुणाच्या अलीकडे चिखलावर पहुडलेल्या मगरींनीही आमच्या गतीची दखल घेतली नाही.

गोवळकोटास उतरल्यावर शिरस्तेदारांनी जमाखर्च मांडला. पेट्रोल खर्ची पडले. भरतीने केलेले काम कोणत्या सदराखाली जमा धरावे हे न उमगल्याने ते अद्याप तसलमातीत पडून आहे.