पँटोनची अबोली

अमेरिकेतल्या पँटोन या रंगकंपनीने २०२४ साठी ‘पीच फझ’ हा रंग जाहीर केला आणि आमच्याकडची लग्नं पत्रिकेपासून मांडवापर्यंत त्यातच न्हाली. आजी म्हणाली, “अगं, ही तर अबोली!” पण अबोलीला नंबर कुठे असतो? याला आहे, १३-१०२३. २०२५ साली ‘मोका मूस’ आला, म्हणजे कपात विसरलेला गार चहा. त्या रंगाच्या पैठणीसाठी करवलीने अख्खं येवलं पालथं घातलं. (मोरपंखी, चिंतामणी, डाळिंबी वगैरे होत्या म्हणे, पण त्यांना ‘थीम’ नव्हती.) २०२६ साठी ‘क्लाउड डान्सर’. चक्क पांढरा! तो नवरीला नेसवायचा कसा, यावर घरात दोन बैठका झाल्या. गुरुजी मात्र निवांत. त्यांचा अंतरपाट कधीचा ट्रेंडमध्ये आहे.